दिवसा दाखवलेला पडदा

पडदा घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न रंगाचा विचारतो आणि दुसरा भावाचा. तिसरा प्रश्न त्याला सुचत नाही, तो मला विचारावा लागतो: या व्हरांड्यात बसणार कोण, आणि कधी? रियाधमध्ये घराबाहेरचे पडदे बसवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. या एका प्रश्नावर माझं पोट चाललं असं म्हटलं तरी चालेल. गेल्या वर्षी एका घरात मात्र हाच प्रश्न मी गिळला. त्याचीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी थोडं धंद्याचं सांगतो, नाहीतर माझी चूक तुम्हाला चूक वाटायचीच नाही.

मी श्रीवर्धनकडचा. सौदीत पडदे लावतो म्हटलं की गावाकडच्या लोकांना शिंपीकाम वाटतं. माझ्या सासरचे तर अजूनही समजतात की मी कुणा शेखच्या दिवाणखान्यात झालरी शिवत बसतो. घराबाहेरचा पडदा ही वेगळीच जात आहे. त्याला दिवसभर ऊन खायचं असतं, वाऱ्याशी झटायचं असतं आणि धुळीच्या वादळात तोंड मिटून उभं राहायचं असतं. आमचं वर्कशॉप शहराच्या अल सुलै भागात आहे. तिथं कापड कापतो, ॲल्युमिनियमच्या नळीवर गुंडाळतो, दोन्ही कडांना चेन शिवतो, आणि मग घरी जाऊन ती चेन खांबाला लावलेल्या पट्टीत सरकवतो. म्हणजे वाऱ्यानं पडदा फडफडत नाही. बिनपट्टीचा पडदा इथं एक वादळ काढत नाही. बांबूचा पडदा एक उन्हाळा काढतो. जाड प्लास्टिकचा पडदा जास्त टिकतो, पण त्याच्या आत बसलेला माणूस टिकत नाही, उकडून निघतो. उरते ती जाळी. बारीक विणीची, वारा आत सोडणारी, ऊन अडवणारी.

या जाळीची गंमत अशी की ती डोळ्याला फसवते. बँकेत काम करणारे एक पुण्याचे गृहस्थ होते, त्यांच्या घरी मी माप घ्यायला गेलो. बाईंना क्रीम रंगाची जाळी हवी होती, भिंतीला शोभणारी. मी काळी सुचवली. त्यांची मुलगी लगेच म्हणाली, "आई, नो वे, किती डार्क होईल!" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरात कोळसा आणून टाकतोय. मी दोन्ही तुकडे त्यांच्या हातात दिले आणि म्हटलं, "वहिनी, रंग बघू नका, जाळीतून पलीकडे बघा." क्रीम जाळीवर ऊन पडलं की ती पांढरी चकाकते, पलीकडचं सगळं धुक्यात गेल्यासारखं होतं. काळ्या जाळीतून मात्र समोरचं खजुराचं झाड पानासकट दिसत होतं. बाई दोन-तीनदा तुकडे आलटून पालटून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, हे काय नवल!" मला आजही त्याचं नवल वाटतं. सव्वीस वर्षांत किती माणसांच्या डोळ्यांपुढे हे दोन तुकडे धरले असतील, पण दर वेळी मीही वाकून एकदा बघून घेतो.

दुसरं माझं वेड म्हणजे व्हरांडा वाचणं. सौदी घरात माप घ्यायला गेलो की घरधनी दारातूनच मोठ्यानं हाक देतो, म्हणजे बायका आतल्या खोलीत जातात. मग आम्ही शिरतो. ज्यांच्यासाठी पडदा करायचा त्या माणसांना मी कधीच पाहत नाही. दिसते ती त्यांची बैठक. उशी कुठल्या बाजूनं जास्त दबली आहे, कपाचा डाग फरशीवर कुठं पडलाय, खुर्ची रस्त्याकडे तोंड करून आहे की भिंतीकडे. यावरून मी ठरवतो की इथं म्हातारं माणूस बसतं की पोरं अभ्यास करतात, की कुणी एकटंच फोनवर बोलतं. खरं-खोटं कळायला मार्ग नसतो, पण त्या उत्सुकतेनं माझे दिवस बरे गेले.

आणि तरीही एक गोष्ट विचारायची नसते. 'तुमच्या घरातल्या बायका कधी बसतात, कुठं बसतात' असं परक्या पुरुषानं इथं तोंडातून काढायचं नाही. बाजारात भेटलेला माणूससुद्धा 'घरचे कसे आहेत' एवढंच विचारतो. मी आपला आडून विचारतो: सकाळचं ऊन त्रास देतं की संध्याकाळचं? पाहुणे येतात का? त्यातून मला हवं ते निघतं.

गेल्या वर्षी ईद झाल्यावर उस्ताद नासिर यांचं काम आलं. हे शाळेत गणित शिकवतात, म्हणून सगळे उस्ताद म्हणतात. माणूस मवाळ, पण बोलणं गणितासारखं: विचारलं तेवढंच उत्तर. मूळचे दूर दक्षिणेच्या जिझानकडचे. आई तिकडे एकटी राहत होती, तिला त्यांनी सहा महिन्यांपूर्वी रियाधला आणलं होतं. कारण त्यांनीच सांगितलं. ती न्हाणीघरात पडली होती आणि सकाळी शेजारीण येईपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. रियाधच्या घरात एक हौश होता, म्हणजे भिंतीनं वेढलेलं अंगण, आणि त्याला लागून व्हरांडा. आईला तो आवडला. पण मग शेजारची अर्धवट तीन मजली इमारत पुरी झाली, तिच्या जिन्याच्या खिडक्या नेमक्या या व्हरांड्यावर आल्या, आणि आईनं बाहेर येणंच सोडलं. खोलीत भिंतीकडे बघत पडून असते, म्हणाले.

"मला असा पडदा हवा की तिला वारा मिळावा आणि तिथून कुणाला काही दिसू नये. होईल?"

"होईल," मी म्हटलं.

व्हरांड्यात एक बुटकं स्टूल होतं आणि त्याच्यापुढे गालिच्याचा तुकडा. त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक तुकडे चिकटले होते. मला वाटलं, म्हातारी शिवणकाम करत असेल. मग कोपऱ्यात एक सुकलेली, तपकिरी झालेली कळी दिसली. उचलून नाकाशी नेली. मोगरा! हौशाच्या भिंतीला लागून आठ-दहा कुंड्या होत्या, माझं लक्षच गेलं नव्हतं. रियाधमध्ये, या कोरड्या हवेत, मोगरा! आमच्या घरी लग्नाचे सेहरे गुंफायचे. लहानपणी दुपार उतरली की अब्बा आम्हा पोरांना कळ्या खुडायला पिटाळायचे. मला एकदम त्या म्हातारीला विचारावंसं वाटलं की खाला, म्हणजे मावशी, तुम्ही सुईनं ओवता की गाठ मारून बांधता? पण विचारणार कुणाला? मी माप घेतलं.

आता नीट ऐका, चूक इथंच आहे. मी नमुन्याचा मोठा तुकडा दुपारी चार वाजता टांगला. नासिर शेजाऱ्याच्या जिन्यावर जाऊन बघून आले. आतलं काही दिसत नाही, उत्तम, म्हणाले. दिसणारच नव्हतं. बाहेर लख्ख ऊन, आत सावली. असं असलं की बाहेरच्याला जाळीतून आतलं दिसत नाही. पण मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी खुडतात, हे सेहरे गुंफणाऱ्याच्या पोराला माहीत नसावं? कळ्या खुडल्यावर माणूस ओवायला बसणार, ओवायला उजेड लागणार, म्हणजे दिवा लावणार. दिवा आत लागला आणि बाहेर अंधार झाला की जाळीचा न्याय उलटा होतो. गावाकडे मच्छरदाणीत कंदील घेऊन वाचत बसलेला माणूस अंगणातून कसा दिसतो, तसा आतला माणूस अख्खा दिसतो. हे मी शेकडो लोकांना सांगितलं आहे. इथं सांगितलं नाही, कारण सांगायचं तर 'तुमच्या आई संध्याकाळी दिव्यात बसतात का' हे विचारावं लागलं असतं. मला ते जड गेलं. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, दोघंही आपापल्या सभ्यपणात खूश. आम्ही पडदा बसवला, चहा प्यायलो आणि निघालो.

नवव्या दिवशी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर मी बत्हा बाजारात जेवायला बसलो होतो. फोन आला. "मुअल्लिम, तू लगेच ये." इथं कारागिराला मुअल्लिम म्हणतात. त्या दिवशी त्या शब्दात आदर नव्हता.

गेलो. नासिर फाटकातच उभे होते. आदल्या संध्याकाळी शेजाऱ्याच्या टाकीचं पाणी वाहत होतं, ते बघायला हे त्याच्याबरोबर गच्चीवर चालले होते. जिन्याच्या खिडकीतून सहज खाली पाहिलं. आई दिव्याखाली बसलेली. डोक्यावर काही नाही, केस मोकळे, नुकती मेंदी लावलेले, मांडीवर फुलं. सुई कुठल्या हातात आहे तेसुद्धा दिसलं म्हणाले. शेजारी मागून येत होता. त्याच्यापुढे हे खिडकीत आडवे उभे राहिले.

"तिला सांगितलं मी," नासिर म्हणाले. "सांगायला नको होतं. तिनं एकच विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, आठ. तेव्हापासून बोलत नाही. गुरुवारचं जिझानचं तिकीट काढायला लावलंय. तिकडे घर रिकामं आहे मुअल्लिम. ती पुन्हा पडली तर?"

मला त्या माणसाकडे बघवेना. एखाद्याचं घर माझ्या हातून उघडं पडलं, आणि तेही पडदा लावून. इतक्या वर्षांत वारा आला, पडदे फाटले, पडदे गुंडाळायच्या मोटर जळल्या, गिऱ्हाइकांनी शिव्या दिल्या. त्याचं मला काही वाटलं नाही. या आठ संध्याकाळींची मात्र लाज वाटली आणि अजून वाटते.

"हा काढ आणि प्लास्टिकचा लाव," नासिर म्हणाले. "जाड. काळा."

"लावतो. पण त्यात वारा येणार नाही. खाला तिथं पाव तास बसणार नाहीत."

"मग काय करू?"

"त्यांना विचारू या." मी वरातीमागून घोडं हाकत होतो, पण हाकलं.

नासिर मग आत गेले. व्हरांड्यात उघडणारं काचेचं दार होतं, आतून जाड पडद्यानं झाकलेलं. ते चार बोटं उघडलं. मी हौशात, दाराकडे पाठ करून उभा राहिलो.

"तोच का हा?" आतून आवाज आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, पण थकलेला अजिबात नव्हता.

"मीच, खाला. चूक माझी आहे. उस्तादांची नाही. मला दिव्याचं विचारायला हवं होतं."

"का नाही विचारलंस?"

"लाज वाटली."

"तुला विचारायची लाज वाटली, आणि निघाली माझी." मग: "कुठला तू?"

"हिंदचा. समुद्राकाठचा. आमच्याकडेही ही फुलं असतात. माझे वडील लग्नात नवऱ्यामुलाच्या कपाळावर बांधायचे हार करायचे. म्हणून मला कळायला हवं होतं की कळ्या संध्याकाळीच खुडतात."

"तुमच्याकडे नवरामुलगा फुलं घालतो?"

"तोंड दिसणार नाही एवढी."

आतून बारीक हसू आल्यासारखं वाटलं, किंवा मला तसं हवं होतं. "आमच्याकडेही पुरुष फुलं घालतात," ती म्हणाली. "या रियाधच्या लोकांना ते माहीत नाही. माझ्या नासिरला लाज वाटते. सुईनं ओवता का?"

"आम्ही सुईनं. हिंदू शेजारी केळीच्या खोडाच्या सोपाच्या धाग्यात गाठ मारून बांधायचे."

"केळीच्या?" तिनं मुलाला हळूच काहीतरी विचारलं. केळीपासून धागा कसा निघतो हे गणिताच्या मास्तरांना सांगता येईना. मी सांगितलं. पाठ फिरवून, हातवारे करून, जे तिला दिसत होते आणि मला तिची मान हलतेय की नाही ते कळत नव्हतं. एवढं बोलणं झाल्यावर मी मुद्द्यावर आलो.

"खाला, मला एक संध्याकाळ द्या. पडदा बदलत नाही, दिवा बदलतो. झालं नाही तर सगळं काढून नेईन."

"गुरुवार परवा आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत सामान घेऊन पोचलो. हिशेब सोपा आहे: जिथं बसायचं तिथला उजेड कमी, बाहेरचा जास्त. व्हरांड्याच्या छताचा मोठा दिवा मी काढून टाकला. हौशाच्या भिंतीवर दोन दिवे लावले, असे की त्यांचा उजेड कुंड्यांवर आणि जाळीच्या बाहेरच्या बाजूवर पडावा. आता प्रश्न सुईचा. सुईत दोरा ओवायचा तर उजेड हवाच. त्यासाठी स्टुलाजवळ, गुडघ्याच्या उंचीवर, एक छोटा दिवा बसवला आणि त्याला तिन्ही बाजूंनी पत्र्याची टोपी केली, म्हणजे उजेड फक्त मांडीवर पडेल.

पण खात्री करायची तर कुणीतरी तिथं बसायला हवं. मी नासिरना म्हटलं, "उस्ताद, बसा."

"मी?"

"आईच्या जागी. आणि नुसतं बसू नका, ओवा. हात हलले तरच कळेल."

त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून ठेवला, अंगरखा सावरला आणि त्या बुटक्या स्टुलावर बसले. सहा फुटी माणूस, गुडघे हनुवटीला लागलेले. शेजाऱ्याची परवानगी घेऊन मी जिन्याच्या खिडकीत गेलो. दिसले. म्हणजे हात दिसले, दोन हात हवेत तरंगत मोगऱ्याशी झगडत होते. खाली येऊन दिवा वीतभर खाली घेतला. पुन्हा वर. आता अंगठीची चमक. पुन्हा खाली, टोपी पुढे ओढली. चौथ्या खेपेला माझे गुडघे बोलायला लागले, पण जाळीमागे काही नव्हतं, नुसती काळी भिंत, आणि तिच्यापुढे उजेडात न्हालेल्या कुंड्या.

"खलास! झालं!" मी जिन्यावरूनच ओरडलो.

खाली आलो तर काचेचं दार पुन्हा चार बोटं उघडं होतं.

"तुझ्यावर विश्वास ठेवून आठ दिवस बसले," ती म्हणाली. "आणि हा माझा मुलगा, यानं दुपारी बघून उत्तम म्हटलं. आता मी बघणार."

"युम्मा," नासिर आईला म्हणाले, "दोन मजले आहेत. तुझा गुडघा..."

"शेजाऱ्याला म्हणावं, पुरुषांनी जिना मोकळा करा. तू उठू नकोस, तिथंच बस. मुअल्लिम, तू फाटकाबाहेर जा."

मी बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. मागून काठीचा आवाज गेला. मग शेजारच्या जिन्यात तोच आवाज, एक पायरी, विसावा, एक पायरी. शेजाऱ्याची बायको तिला घ्यायला खाली आली होती, तिचं 'हळू, हळू' ऐकू येत होतं. मी पायऱ्या मोजत होतो आणि मध्येच चुकत होतो. मोगऱ्याचा वास भिंतीवरून रस्त्यावर यायला लागला होता. काय काय बिघडू शकतं ते मी मनात घोळवत होतो: दिवा सरकला तर, नासिरनी मान पुढे काढली तर, आणि तिनं मुद्दामच 'दिसतंय' म्हटलं तर, कारण तिला जायचंच असेल तर. हा शेवटचा विचार मला आधी सुचलाच नव्हता. तिला खरंच जायचं आहे का, हेही आम्ही कुणी तिला विचारलं नव्हतं.

काठीचा आवाज थांबला. मग वरून हाक आली.

"नासिर!"

"हां, युम्मा."

"तू आहेस का तिथं?"

"आहे."

"मला दिसत नाहीस."

"आहे, युम्मा. इथंच आहे. तुझ्या स्टुलावर."

मी रस्त्याकडेच बघत होतो, पण मला माझे कान आवरता आले नाहीत. सहा महिने ती त्या घरात होती; मुलगा सकाळी शाळेत, संध्याकाळी शिकवण्या, आणि घरी आला की तिच्यासाठी सोय करण्यात गुंतलेला. त्या स्टुलावर तो याआधी कधी बसला असेल असं मला वाटत नाही.

"रोज बसशील?" तिनं विचारलं. आवाज खाली आला होता, पण रस्त्यापर्यंत पोचला. "थोडा वेळ. माझ्याजवळ."

"बसेन."

"मग ते गुरुवारचं तिकीट परत कर. आणि नुसता बसू नकोस, कळ्या खुड. मला उतरायला वेळ लागेल, आणि इथं कॉफी ठेवलीय म्हणतात."

थोड्या वेळानं फाटक उघडलं. उस्ताद नासिर बाहेर आले, बोडक्या डोक्यानं, हातात रिकामं ताट घेऊन. डोळे पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"मुअल्लिम," ते हळूच म्हणाले, "कुठली खुडायची? मला यातलं काही कळत नाही."

मी त्यांच्याबरोबर आत गेलो आणि आज उमलणारी कळी कशी ओळखायची ते त्यांना दाखवलं.